अमेरिकेचा अलगतावाद, १८९८ ते १९४५: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेच्या परराष्ट्र धोरणावर लिहायला लागल्यापासून जे प्रश्न फिरून फिरून येतात, ते इथे एकत्र केले आहेत. बरेचसे स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्यांचे आहेत, काही निव्वळ कुतूहलाचे, तर दोन-तीन वाद घालायच्या तयारीने आलेले. कोणतंही उत्तर सुटं वाचता येईल. एकच मुद्दा दोनदा येऊ नये म्हणून जिथे गरज आहे तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. या काळात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले रूझवेल्ट दोन आहेत. थिओडोर (१९०१–०९) आणि त्यांचे दूरचे नातलग फ्रँकलिन (१९३३–४५). खाली नुसतं 'रूझवेल्ट' लिहिलं असेल तर ते फ्रँकलिन.

१. अलगतावाद म्हणजे नेमकं काय? अमेरिका तेव्हा जगापासून तुटून बसली होती का?

नाही. हा शब्द ऐकला की दारं-खिडक्या लावून बसलेलं घर डोळ्यांसमोर येतं. प्रत्यक्षात या काळात अमेरिकेचा कापूस, गहू, तेल आणि मोटारी जगभर जात होत्या. तिच्या बँका युरोपला कर्ज देत होत्या, मिशनरी चीनमध्ये शाळा आणि दवाखाने चालवत होते, आणि मरीन सैनिक १९१५ ते १९३४ अशी एकोणीस वर्षं हैतीत तळ ठोकून होते.

अमेरिकेने नाकारलं ते आगाऊ शब्द देणं. उद्या फ्रान्सवर कोणी चालून आलं तर आम्ही तुमच्या बाजूने लढू, असं वचन आज देऊन ठेवायला ती तयार नव्हती. माल जाईल, पैसा जाईल, वेळ आली तर सैनिकही जातील, पण कधी, कुठे आणि किती हे आमचं आम्ही ठरवू, असा तो हिशेब होता. पुढची बरीचशी उत्तरं याच हिशेबाभोवती फिरतात.

२. अलगतावाद, तटस्थता आणि नेहरूंचा अलिप्ततावाद हे एकच ना? पुस्तकात तर तिन्हीकडे 'अलिप्त' लिहिलंय.

हा घोळ आपल्या परिभाषेचा आहे. अमेरिकेच्या या धोरणाला मराठीत कुणी अलिप्ततावाद म्हणतं, कुणी विलगतावाद, कुणी अलगतावाद. मी शेवटचा शब्द वापरतो, कारण 'अलिप्ततावाद' म्हटलं की आपल्याला बेलग्रेड, नेहरू, नासर आणि टिटो आठवतात.

तटस्थता ही कायद्यातली स्थिती आहे. दोघं लढत असताना तिसऱ्याने कुणाचीच बाजू न घेणं, एवढाच तिचा अर्थ. युद्ध संपलं की ती संपते. अलगतावाद हे शांततेच्या काळातही चालणारं धोरण आहे. नेहरूंचा अलिप्ततावाद तर जवळजवळ उलटा. लष्करी गटात जायचं नाही, पण कोरियापासून सुएझपर्यंत प्रत्येक प्रश्नात बोलायचं, मध्यस्थी करायची आणि संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत सैनिक पाठवायचे. गटात न जाणं एवढं एकच साम्य आहे, आणि त्यावर निबंध लिहू नये.

३. ही कल्पना आली कुठून? वॉशिंग्टन सांगून गेले म्हणून?

वॉशिंग्टन यांनी १७९६ च्या निरोपाच्या संदेशात परदेशांशी कायमच्या युती करू नका असं बजावलं होतं. 'गुंतवून टाकणाऱ्या युती' हे शब्द मात्र त्यांचे नाहीत, जेफरसन यांच्या १८०१ च्या भाषणातले आहेत. परीक्षेत ही अदलाबदल नेहमी होते.

पण पूर्वजांचा उपदेश दीडशे वर्षं टिकतो तो सोयीचा असतो म्हणून. दोन्ही बाजूंना महासागर, उत्तरेला आणि दक्षिणेला दुबळे शेजारी, आणि अटलांटिकवर ब्रिटिश आरमाराचा पहारा, ज्याचा खर्च अमेरिकेला करावा लागत नव्हता. शिवाय युरोपातली सक्तीची लष्करभरती, कर आणि सरदार-जमीनदार यांना कंटाळून आलेली लाखो माणसं तिथे होती. ज्या भांडणांतून सुटून आलो त्यांत मुलाला परत पाठवायचं, हे त्यांना पटणं कठीण होतं.

४. मग १८९८ चं स्पेनशी युद्ध, फिलिपिन्स, पनामा कालवा… हा कसला अलगतावाद?

रास्त प्रश्न. १८९८ मध्ये अमेरिकेने स्पेनला हरवून पोर्टो रिको आणि ग्वाम घेतलं, फिलिपिन्ससाठी दोन कोटी डॉलर मोजले, आणि त्याच वर्षी हवाईही जोडून घेतलं. १९०३ मध्ये कोलंबियापासून पनामा फुटून निघाला तेव्हा थिओडोर रूझवेल्ट यांनी त्याला आधार देऊन कालव्याची जमीन मिळवली. १९०४ मध्ये त्यांनी १८२३ च्या मन्रो सिद्धान्ताला जोड दिली. मूळ सिद्धान्त म्हणत होता, युरोपने अमेरिका खंडात लुडबूड करू नये. नवी जोड म्हणाली, गरज पडली तर ती लुडबूड आम्ही करू.

याची संगती अशी लागते की अलगतावाद प्रामुख्याने युरोपबाबत होता. कॅरिबियन हे अंगण समजलं जाई आणि पॅसिफिक ही मागची वाट. याला विरोध करणारेही घरातच होते. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या साम्राज्यवादविरोधी संघात मार्क ट्वेन आणि अँड्र्यू कार्नेगी दोघेही होते. लेखक आणि पोलादसम्राट एका व्यासपीठावर, हे दृश्य पुढे १९४० मध्येही दिसतं (प्रश्न १५).

५. १९१४ साली अमेरिका युद्धाबाहेर का राहिली?

१९१० च्या जनगणनेत अमेरिकेतला सुमारे एक तृतीयांश माणूस परदेशात जन्मलेला किंवा परदेशी आईबापांच्या पोटचा होता. जर्मन वंशाचे लाखो लोक मिलवॉकी, सिनसिनाटी, सेंट लुईसमध्ये होते. आयरिश लोकांना ब्रिटनचा जय नको होता, आणि रशियातून पोग्रोमला, म्हणजे ज्यूविरोधी दंगलींना, भिऊन पळालेल्या ज्यूंना झारचा. राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी ऑगस्ट १९१४ मध्ये विचारातही निःपक्षपाती राहा असं आवाहन केलं, ते घर फुटू नये म्हणूनही होतं.

व्यवहार मात्र निःपक्षपाती राहिला नाही. ब्रिटिश नाकेबंदीमुळे जर्मनीशी व्यापार आटला आणि मित्रराष्ट्रांशी फुगला. १९१७ पर्यंत अमेरिकन बँकांनी मित्रराष्ट्रांना सुमारे २.३ अब्ज डॉलर दिले होते, जर्मनीला जेमतेम २.७ कोटी. या आकड्यांनी पुढे १९३० च्या दशकात फार मोठं रामायण घडवलं (प्रश्न १२).

६. लुसिटानिया जहाज बुडवलं म्हणून अमेरिका युद्धात उतरली ना?

लुसिटानिया बुडाली ७ मे १९१५ ला. अमेरिकेने युद्ध पुकारलं ६ एप्रिल १९१७ ला. मधे जवळपास दोन वर्षं आहेत, आणि त्या दोन वर्षांत विल्सन 'त्यांनी आपल्याला युद्धापासून दूर ठेवलं' या घोषणेवर पुन्हा निवडून आले. तेही अगदी काठावर. कॅलिफोर्निया राज्य चार हजारांहून कमी मतांनी मिळालं आणि त्यावर निकाल फिरला.

लुसिटानियावर सुमारे १,२०० माणसं मेली, त्यांत १२८ अमेरिकन. संताप उसळला, पण विल्सन यांनी खलिते पाठवले. तेवढेही परराष्ट्रमंत्री ब्रायन यांना फार वाटले. जर्मनीला जाब विचारता तर ब्रिटिश नाकेबंदीलाही विचारा, असं म्हणून त्यांनी जून १९१५ मध्ये राजीनामा दिला.

खरं वळण १९१७ च्या सुरुवातीला आलं. १ फेब्रुवारीपासून जर्मनीने पाणबुड्यांना मोकळं रान दिलं. १ मार्चला झिमरमन तार, म्हणजे जर्मन परराष्ट्रमंत्री झिमरमन यांची गुप्त तार, छापून आली. तिच्यात मेक्सिकोने अमेरिकेविरुद्ध साथ दिली तर टेक्सास, न्यू मेक्सिको आणि ॲरिझोना परत मिळवायला मदत करू, असं जर्मनीचं आमिष होतं. ज्या मध्य-पश्चिम आणि पश्चिमेच्या राज्यांना समुद्रावरच्या भांडणाचं सोयरसुतक नव्हतं, तिथेही या तारेने खळबळ उडाली. तरीही सिनेटमध्ये ६ आणि प्रतिनिधीगृहात ५० मतं विरोधात पडली.

आणि एक बारकावा: युद्धात उतरूनही अमेरिका मित्रराष्ट्रांची 'मित्र' झाली नाही. तिने स्वतःला 'सहयोगी सत्ता' म्हणवून घेतलं. शब्द न देण्याची सवय खंदकापर्यंत गेली होती.

७. राष्ट्रसंघ ही विल्सन यांचीच कल्पना, मग अमेरिकाच त्यात का नव्हती?

'सिनेटने नाकारलं' हे उत्तर बरोबर आहे पण अर्धं. राष्ट्रसंघाची सनद युद्धानंतरच्या व्हर्साय करारातच होती, त्यामुळे मतदान त्या करारावर होतं. सिनेटमध्ये तीन गट होते. विल्सनसोबतचे डेमोक्रॅट. काही झालं तरी करार नको म्हणणारे सुमारे डझनभर 'न नमणारे', त्यांत आयडाहोचे विल्यम बोरा आणि कॅलिफोर्नियाचे हायरम जॉन्सन. आणि मधला मोठा गट, ज्याला अटी घालून करार चालला असता. या अटींचे कर्ते परराष्ट्र समितीचे अध्यक्ष हेन्री कॅबट लॉज. ते कडवे रिपब्लिकन, पण अलगतावादी म्हणता येणार नाहीत. विल्सन यांच्याशी त्यांचं वैर मात्र विळ्या-भोपळ्याचं.

भांडणाचं मूळ होतं संघाच्या सनदेतलं कलम १०. प्रत्येक सदस्याने इतरांच्या भूमीचं बाहेरच्या आक्रमणापासून रक्षण करावं, असं त्यात होतं. लॉज यांचं म्हणणं, युद्धात जायचं की नाही हे राज्यघटनेने काँग्रेसवर सोपवलंय, ते जिनिव्हातल्या संघाला कसं देणार? विल्सन यांचं म्हणणं, हे कलम काढलं तर संघात उरलं काय? दोघांचंही खरं होतं, म्हणूनच तडजोड अवघड होती.

त्यात विल्सन यांच्या चुका. शांतता परिषदेसाठी पॅरिसला जाताना त्यांनी एकही रिपब्लिकन सिनेटर बरोबर नेला नाही. लॉज यांनी वेळ काढायला पूर्ण करार समितीत मोठ्याने वाचून दाखवला आणि त्यात दोन आठवडे घालवले. विल्सन लोकांना थेट पटवायला रेल्वेने निघाले. सप्टेंबर १९१९ मध्ये सुमारे ८,००० मैलांच्या त्या दौऱ्यात कोलोरॅडोतल्या प्युब्लो इथल्या भाषणानंतर ते कोसळले, आणि २ ऑक्टोबरला पक्षाघाताचा झटका आला. अंथरुणावरून त्यांनी आपल्या पक्षाला सांगितलं, लॉजच्या अटींसह करार आला तर विरोधात मत द्या.

१९ नोव्हेंबर १९१९ ला अटींसह करार ३९ विरुद्ध ५५ मतांनी पडला आणि अटींशिवाय ३८ विरुद्ध ५३ मतांनी. १९ मार्च १९२० ला अटींसह करारावर पुन्हा मतदान झालं. बाजूने ४९, विरोधात ३५. बहुमत होतं, पण करार मंजूर व्हायला लागणाऱ्या दोन तृतीयांशाला सात मतं कमी पडली. त्या सात मतांचा दोष मी विल्सन यांच्या पदरात टाकतो. हे सगळ्यांना मान्य नाही. पण त्या दिवशी विल्सन यांचं ऐकून विरोधात मत देणारे डेमोक्रॅट सातापेक्षा कितीतरी जास्त होते.

८. या सगळ्यात भारताचा काही संबंध येतो का?

येतो, आणि तो बहुतेक पुस्तकांत सापडत नाही. राष्ट्रसंघात ब्रिटनबरोबर कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका आणि भारत यांनाही एकेक मत होतं. विरोधकांनी गणित मांडलं: ब्रिटिश साम्राज्याला सहा मतं, अमेरिकेला एक! पारतंत्र्यातल्या भारताचं मत अर्थातच लंडन ठरवणार होतं, त्यामुळे हा आक्षेप पोकळ नव्हता. सिनेटच्या अटींमध्येही तो उतरला.

दुसरी बाजू भारतीयांची. डिसेंबर १९१८ च्या दिल्ली काँग्रेसने लोकमान्य टिळकांना शांतता परिषदेसाठी प्रतिनिधी नेमलं. टिळक तेव्हा ब्रिटिश पत्रकार चिरोल यांच्यावरच्या बदनामीच्या खटल्यासाठी लंडनमध्ये होते. पॅरिसला जायची परवानगी मिळाली नाही, म्हणून त्यांनी परिषदेचे अध्यक्ष क्लेमांसो यांना निवेदन पाठवलं आणि विल्सन यांनाही लिहिलं. उत्तर आलं ते योग्य वेळी योग्य लोक विचार करतील, अशा थाटाचं. इकडे न्यूयॉर्कमध्ये लाला लजपतराय होमरूलचा प्रचार करत होते, आणि त्यांच्या हाताशी डॉ. ना. सु. हर्डीकर होते, पुढे सेवादल उभारणारे. विल्सन यांच्यावर निराश झालेले आयरिश-अमेरिकन हे त्यांचे नैसर्गिक सोबती. म्हणजे राष्ट्रसंघावर रागावलेले सगळेच 'आम्हाला जगाचं काय' म्हणणारे नव्हते. साम्राज्यांवर शिक्का मारणारा करार नको, असं म्हणणारेही त्यांत होते.

९. १९२० च्या दशकात तरी अमेरिका खरीखुरी अलग होती का?

हार्डिंग 'पूर्वीसारखं सुरळीत' आयुष्य देण्याचं आश्वासन देऊन सुमारे ६० टक्के मतांनी राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले, आणि १९२१ मध्ये जर्मनीशी वेगळा तह झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याच सरकारने जगातल्या आरमारी सत्तांना वॉशिंग्टनला बोलावलं. परराष्ट्रमंत्री ह्यूज यांनी पहिल्याच भाषणात कुणाची कोणती जहाजं मोडीत काढायची ते सांगून टाकलं. शेवटी मोठ्या युद्धनौकांचं प्रमाण अमेरिका ५, ब्रिटन ५, जपान ३, फ्रान्स आणि इटली प्रत्येकी सुमारे १.६७ असं ठरलं.

पैशाचं चक्र तर गमतीचं होतं. १९२४ च्या डॉज योजनेनंतर अमेरिकन बँका जर्मनीला कर्ज देत, जर्मनी त्यातून ब्रिटन-फ्रान्सला नुकसानभरपाई देई, आणि ते दोघे त्यातून अमेरिकेच्या युद्धकर्जाचे हप्ते फेडत. स्वतःच्या खिशातून काढून स्वतःच्याच खिशात, फक्त बर्लिन, पॅरिस आणि लंडनला वळसा घालून.

१९२८ चा केलॉग–ब्रियाँ करार याच काळातला. युद्ध हे राष्ट्रीय धोरणाचं साधन म्हणून त्याज्य ठरवणारा. फ्रान्सला मुळात अमेरिकेशी दुहेरी करार हवा होता. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री केलॉग यांनी ओळखलं की ही आडून केलेली युती आहे, आणि सगळ्या जगाला सही करायला बोलावून त्यातला दंश काढला. सिनेटने तो ८५ विरुद्ध १ मताने मंजूर केला, कारण त्यात पाळण्याची सक्ती कुठेच नव्हती. 'युद्ध बेकायदा ठरवा' या चळवळीचा एक पुरस्कर्ता होता तत्त्वज्ञ जॉन ड्यूई, कोलंबिया विद्यापीठातले डॉ. आंबेडकरांचे गुरू.

१०. स्थलांतरबंदी आणि जकात हाही अलगतावादाचा भाग धरायचा का?

धरावा, पण वेगळ्या खात्यात. १९२४ च्या कायद्याने प्रत्येक देशाचा वार्षिक कोटा १८९० च्या जनगणनेतल्या त्या देशाच्या लोकांच्या २ टक्के केला. १८९० हे वर्ष मुद्दाम निवडलं, कारण इटालियन, पोलिश आणि ज्यू लोंढे त्यानंतर वाढले. भारतीयांसाठी दार १९१७ मध्येच बंद झालं होतं, आणि १९२३ मध्ये भगतसिंग थिंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना नागरिकत्वही नाकारलं. १९३० च्या स्मूट–हॉली कायद्याने जकात आणखी वाढवली. युरोपने कर्ज फेडावं, पण फेडण्यासाठी लागणारे डॉलर आपल्याला माल विकून मिळवू नयेत, असा तो उफराटा न्याय होता.

११. १९३० च्या दशकात अलगतावाद वाढला तो मंदीमुळे का?

मंदीने तो तीव्र केला, जन्माला घातला नाही. बँका बुडत असताना कुणाला जपानने गिळलेल्या मांचुरियाची काळजी? १९३३ च्या लंडन आर्थिक परिषदेला रूझवेल्ट यांनी संदेश पाठवून चलनस्थैर्याचा प्रस्ताव धुडकावला. युद्धकर्ज बुडवणाऱ्या देशांना नवं कर्ज नाही, असा कायदा १९३४ मध्ये झाला. त्याचे कर्ते तेच हायरम जॉन्सन. हप्ते नेमाने भरत राहिला एकटा फिनलंड. जानेवारी १९३५ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयात जायचा ठराव सिनेटमध्ये ५२ विरुद्ध ३६ असा आला. रेडिओवरचे पाद्री कॉफलिन यांनी श्रोत्यांना तारा करायला सांगितलं होतं, आणि सिनेटरांच्या टेबलांवर तारांचा ढीग पडला. पुन्हा सात मतं कमी.

१२. शस्त्रांच्या व्यापाऱ्यांनी अमेरिकेला पहिल्या महायुद्धात ढकललं, हे सिद्ध झालं होतं ना?

झालं नव्हतं. नॉर्थ डकोटाचे सिनेटर जेराल्ड नाय यांच्या समितीने १९३४ ते १९३६ चौकशी केली. अफाट नफा, परदेशी अधिकाऱ्यांना चारलेली लाच, सरकारी खात्यांशी साटंलोटं हे सगळं बाहेर आलं. पण नफ्यासाठी देशाला युद्धात ओढलं, याचा पुरावा मिळाला नाही. नाय यांनी विल्सन यांच्यावर खोटेपणाचा आरोप केला तेव्हा डेमोक्रॅट सिनेटर भडकले आणि समितीचा निधी आटला.

तरी लोकांना जे मानायचं होतं ते त्यांनी मानलं. सुमारे १,१६,००० अमेरिकन सैनिक गमावून हाती काय लागलं, तर बुडालेलं कर्ज आणि हिटलर. या कडवटपणाला नाय समितीने खलनायक पुरवला.

१३. तटस्थता कायदे नक्की किती? प्रत्येक पुस्तकात वेगळा आकडा आहे.

मुख्य चार: १९३५, १९३६, १९३७ आणि १९३९. जानेवारी १९३७ चा स्पेनसाठीचा ठराव वेगळा मोजला तर पाच. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, तसे हे कायदे आहेत. प्रत्येक कलमात १९१४–१७ ची एकेक आठवण बुजवली आहे.

अमेरिकन शस्त्रं विकली गेली होती, म्हणून ऑगस्ट १९३५ मध्ये लढणाऱ्या दोन्ही बाजूंना शस्त्रविक्री बंद. बँकांची कर्जं अडकली होती, म्हणून फेब्रुवारी १९३६ मध्ये कर्जबंदी. लुसिटानियावर अमेरिकन प्रवासी होते, म्हणून मे १९३७ मध्ये लढणाऱ्या देशांच्या जहाजांवर प्रवासबंदी. अमेरिकन जहाजं बुडाली होती, म्हणून शस्त्रांखेरीज इतर मालाबाबत राष्ट्राध्यक्षांना 'पैसे मोजा, माल उचला' ही अट लावता येईल अशी सोय: रोख द्या आणि स्वतःच्या जहाजातून न्या. या सोयीची मुदत दोनच वर्षांची होती.

आक्रमक आणि बळी यांना एकाच मापाने मोजणं, हा यातला मोठा दोष. इटलीने १९३५ मध्ये इथिओपियावर हल्ला केला तेव्हा शस्त्रबंदी दोघांवर लागली. इथिओपियाला शस्त्रांची निकड होती. इटलीला हवं होतं तेल, आणि तेल बंदीत नव्हतं.

सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध पेटल्यावर रूझवेल्ट यांनी शस्त्रबंदी उठवायला सांगितलं. ४ नोव्हेंबरच्या कायद्याने शस्त्रंही 'पैसे मोजा, माल उचला' या अटीवर मिळू लागली. कागदावर सर्वांना सारखं, पण समुद्र ब्रिटनच्या ताब्यात होता, त्यामुळे गिऱ्हाईक कोण असणार हे उघड होतं.

१४. हाच कायदा स्पेनला लावला, पण १९३७ मध्ये चीन–जपान युद्धाला का नाही लावला?

परीक्षकांचा आवडता अपवाद. मूळ कायद्यात यादवी युद्ध येत नव्हतं, म्हणून स्पेनसाठी खास ठराव करावा लागला. त्याचा फटका कायदेशीर सरकारलाच बसला, कारण बंडखोरांचा नेता फ्रँको याला जर्मनी आणि इटली पुरवठा करत होते.

चीनमध्ये उलट झालं. जपान आणि चीन दोघांनीही औपचारिक युद्ध पुकारलं नव्हतं. या सबबीवर रूझवेल्ट यांनी युद्धस्थिती जाहीर केलीच नाही, कारण कायदा लागला असता तर जहाजं असलेल्या जपानचं काही बिघडलं नसतं आणि चीन कोरडा पडला असता. तोटा असा की जपानलाही अमेरिकन तेल आणि भंगार लोखंड मिळत राहिलं.

१५. अलगतावादी म्हणजे हिटलरचे समर्थकच ना?

काही होते. सगळ्यांना त्या तराजूत टाकणं म्हणजे इतिहास सोपा करून बिघडवणं. मुळात 'अलगतावादी' ही विरोधकांनी दिलेली शिवी. ते स्वतःला हस्तक्षेपविरोधी म्हणत.

त्यांचा बालेकिल्ला होता मध्य-पश्चिम आणि त्यापलीकडची शेतीची राज्यं. विस्कॉन्सिनचे ला फॉलेट, नेब्रास्काचे नॉरिस, माँटानाचे व्हीलर हे सगळे रेल्वे कंपन्या आणि बँका यांच्याविरुद्ध शेतकऱ्यांची बाजू घेणारे सुधारक. त्यांच्या दृष्टीने युद्ध म्हणजे वॉल स्ट्रीटचा धंदा आणि शेतकऱ्याच्या पोराचं मरण. (नॉरिस पुढे बदलले आणि त्यांनी रूझवेल्ट यांना साथ दिली.) त्यांच्याबरोबर शांततावादी महिला संघटना, विद्यार्थी आणि समाजवादी नॉर्मन थॉमस. कम्युनिस्टही 'हे साम्राज्यवाद्यांचं युद्ध' म्हणत विरोधात होते. २२ जून १९४१ ला हिटलर रशियात घुसला आणि त्यांची भूमिका एका रात्रीत उलटली. दक्षिणेची राज्यं मात्र बरीचशी ब्रिटनच्या बाजूने होती. ब्रिटिश वंश, कापसाची निर्यात आणि डेमोक्रॅट पक्षाशी निष्ठा, तिन्ही तिथे एकत्र होते.

सप्टेंबर १९४० मध्ये येल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या पुढाकारातून 'अमेरिका फर्स्ट' समिती उभी राहिली. अध्यक्ष सीअर्स रोबक या बड्या व्यापारी कंपनीचे रॉबर्ट वुड, सदस्य सुमारे आठ लाख. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले जेराल्ड फोर्ड सुरुवातीच्या मंडळींत होते आणि तरुण जॉन केनेडी यांनी शंभर डॉलर पाठवले होते. ११ सप्टेंबर १९४१ ला वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग यांनी डे मॉइन इथे भाषणात ब्रिटिश, ज्यू आणि रूझवेल्ट सरकार देशाला युद्धात ढकलताहेत असं म्हटलं. ज्यूद्वेषाचा तो डाग समितीला कायमचा लागला, आणि तो उगाच लागला असं मी म्हणणार नाही.

१६. रूझवेल्ट स्वतः अलगतावादी होते की आतून युद्ध हवं असलेले?

दोन्ही म्हणणाऱ्यांना पुरावा सापडतो. १९३५ च्या कायद्यावर त्यांचीच सही आहे. त्यांना आक्रमक कोण हे ठरवायचा अधिकार हवा होता, तो काँग्रेसने दिला नाही. ५ ऑक्टोबर १९३७ ला शिकागोत त्यांनी रोगाची साथ पसरली की रोग्यांना वेगळं ठेवतात, तसं आक्रमक देशांचं करावं असं सुचवलं. ओरड झाल्यावर त्यांनी पाऊल मागे घेतलं. पुढच्या जानेवारीत तर हल्ला झाल्याशिवाय युद्ध पुकारायचं असेल तर आधी जनमत घ्या, ही घटनादुरुस्ती चर्चेला घ्यायचा प्रस्ताव प्रतिनिधीगृहात १८८ विरुद्ध २०९ असा थोडक्यात हुकला.

जून १९४० मध्ये फ्रान्स पडला आणि मग त्यांचा वेग वाढला. सप्टेंबरमध्ये ५० जुन्या विनाशिका देऊन ब्रिटनकडून तळ घेतले, आणि शांततेच्या काळातली पहिली सक्तीची भरती सुरू झाली. पुढच्या महिन्यात बोस्टनला त्यांनी आईबापांना सांगितलं की तुमची मुलं परक्या युद्धात पाठवली जाणार नाहीत. डिसेंबरमध्ये पत्रकारांना दृष्टान्त दिला: शेजाऱ्याचं घर पेटलंय, तर मी त्याला आधी नळीची किंमत विचारत नाही, आग विझल्यावर नळी परत मिळाली की झालं. त्यातून मार्च १९४१ चा उसनवार–भाडेपट्टा कायदा निघाला. तटस्थता तिथेच संपली. माझा अंदाज: त्यांना ब्रिटन जिंकायला हवं होतं, आणि ते अमेरिकेने न लढता झालं तर उत्तम, असं त्यांना बराच काळ वाटत असावं.

१७. पर्ल हार्बरने अलगतावाद एका दिवसात संपवला, बरोबर?

राजकारणात संपवला, देशात तो दीड वर्षापासून गळत होता (प्रश्न १६). १९४० मध्ये रिपब्लिकन पक्षानेही विल्की हा ब्रिटनला मदत करण्याच्या बाजूचा उमेदवार दिला. पण जोर अजून होता. ऑगस्ट १९४१ मध्ये, हवाईतल्या पर्ल हार्बर तळावरच्या जपानी हल्ल्याच्या चारच महिने आधी, भरती झालेल्या सैनिकांची मुदत वाढवणारं विधेयक प्रतिनिधीगृहात २०३ विरुद्ध २०२ मतांनी वाचलं. एका मताने! ८ डिसेंबरला जपानशी युद्ध पुकारताना सिनेटमध्ये एकही विरोधी मत नव्हतं आणि 'अमेरिका फर्स्ट' काही दिवसांत विसर्जित झाली.

१८. हल्ल्याची रूझवेल्ट यांना आधीच खबर होती म्हणतात. खरं का?

जपानी मुत्सद्द्यांचे सांकेतिक संदेश अमेरिका वाचत होती, आणि युद्ध जवळ आलंय हे माहीत होतं. कुठे, हे त्या संदेशांत नव्हतं. अंदाज आग्नेय आशियाचा होता. जाणूनबुजून हल्ला होऊ दिला, या आरोपाला बहुतेक इतिहासकार मान्यता देत नाहीत.

१९. हल्ला जपानने केला, मग अमेरिकेने जर्मनीशी युद्ध का पुकारलं?

आधी जर्मनीने पुकारलं, ११ डिसेंबर १९४१ ला. जर्मनी, इटली आणि जपान यांच्यातल्या त्रिपक्षीय करारानुसार हिटलरवर तसं बंधन नव्हतं, कारण हल्लेखोर जपान होता. अटलांटिकमध्ये अमेरिकन आरमार आणि जर्मन पाणबुड्या यांची चकमक आधीच चालू होती. ३१ ऑक्टोबरला 'रूबेन जेम्स' ही विनाशिका बुडाली होती. तरी हिटलरने स्वतःहून हे पाऊल उचललं नसतं, तर युरोपातलं युद्ध काँग्रेसच्या गळी उतरवणं रूझवेल्ट यांना सोपं गेलं नसतं.

२०. मग आगाऊ शब्द न देण्याचं धोरण नेमकं कधी सुटलं?

१९४५ मध्ये सिनेटने संयुक्त राष्ट्रांची सनद ८९ विरुद्ध २ मतांनी मंजूर केली, पण तिथे नकाराधिकार होता. मनाविरुद्ध कुठे सैन्य पाठवावं लागणार नव्हतं. जुनी गाठ सुटली १९४९ मध्ये, नाटो करारात. एकावरचा हल्ला तो सर्वांवरचा, असं त्याचं पाचवं कलम म्हणतं. १८०० साली फ्रान्सबरोबरची युती संपल्यानंतर युरोपशी केलेली ही शांतताकाळातली पहिली लष्करी युती. त्यातही प्रत्येकाने आपल्याला आवश्यक वाटेल ती कृती करावी, अशी पळवाट ठेवली होतीच. सिनेटमध्ये बाजूने ८२, विरोधात १३.

२१. दोन्ही महायुद्धांविरुद्ध मत देणारं कुणी होतं का?

होतं, आणि एकच. माँटानाच्या जॅनेट रँकिन, अमेरिकन काँग्रेसमध्ये निवडून आलेली पहिली स्त्री. १९१७ मध्ये त्यांच्याबरोबर ४९ जण होते. मधली बरीच वर्षं त्या सभागृहाबाहेर होत्या, १९४० मध्ये पुन्हा निवडून आल्या. ८ डिसेंबर १९४१ ला ३८८ विरुद्ध १ अशा मतदानातला तो एक आकडा त्यांचा. मत देऊन बाहेर पडल्या तर गर्दीने घेरलं, त्यांना टेलिफोनच्या बूथमध्ये शिरावं लागलं आणि पोलिसांनी कार्यालयापर्यंत पोचवलं. पुढची निवडणूक त्यांनी लढवलीच नाही. गांधींच्या विचारांची ओढ असल्याने नंतर त्या अनेकदा भारतात येऊन राहिल्या, आणि जानेवारी १९६८ मध्ये, वयाच्या ८७ व्या वर्षी, व्हिएतनाम युद्धाविरुद्ध हजारो स्त्रियांचा मोर्चा घेऊन वॉशिंग्टनला परत गेल्या.